वीतभर विमान

दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातील घरोघरच्या अंगणांत किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजविलेले गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, आणि त्या चिखलात पेरलेले हळीव किंवा मोहरी, एवढ्या सामग्रीतून चारसहा दिवसांत एक हिरवा गड तयार होतो. मग बाजारातून मातीची चित्रे येतात. सिंहासनावरचे महाराज तटाहून उंच असतात. पहाऱ्यावरचा मावळा बुरुजाच्या बरोबरीचा असतो. आणि पायथ्याशी पाणी भरणारी गवळण मनात आणील तर एका ढांगेत बालेकिल्ल्यावर जाऊन उभी राहील. याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही, आणि करूही नये. अंगणातला किल्ला हा भक्तीचा नमुना आहे, मापाचा नव्हे. ज्याचा मान मोठा त्याची मूर्ती मोठी, हाच तेथला न्याय.

परंतु नमुन्यांची दुसरीही एक जात आहे, आणि तिचा न्याय निराळा आहे. आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त अभियंते राहतात. त्यांच्या खिडकीपाशी एक टेबल आहे. त्यावर चिमटे, बारीक कानशी, काचकागदाचे तुकडे, दोनतीन केसांचे कुंचले आणि रंगांच्या चिमुकल्या डब्या मांडलेल्या असतात. गेल्या पावसाळ्यात ते हॉकर हरिकेन या जुन्या लढाऊ विमानाची प्रतिकृती जुळवीत होते. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची तिची रुंदी सात इंचांच्या आत, म्हणजे वीतभरदेखील नाही. महिना उलटला तरी ती पुरी होईना, तेव्हा एके दिवशी मी सहज म्हटले, "या वयात खेळणी कसली करता?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "अहो प्रोफेसरसाहेब, खेळणे चुकले तरी ते खेळणेच राहते. हे चुकले, तर मग हे काहीच राहत नाही."

हे उत्तर माझ्या मनात घर करून बसले. मी इतिहासाचा अध्यापक. चुकले तर काहीच राहत नाही, असे ज्याविषयी म्हणावे असा आमचा धंदा. म्हणून या छंदाचा मागोवा घेण्याचे मी मनावर घेतले. त्यात जे हाती लागले ते करमणुकीचे आहेच. पण त्यात माणसांच्या प्राणांशी गाठ असलेलाही एक भाग आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विमानांच्या बाबतीत नमुना हा मूळ वस्तूच्या मागून आलेला नाही. तो तिच्या आधी आलेला आहे. माणूस आकाशात गेला तो १९०३ साली. पण त्याचे खेळणे त्याच्याआधी बत्तीस वर्षे उडाले होते. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस शहरातील त्युइलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने एक लहानसे यंत्र सोडले. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १६ ग्रॅम. पिळलेल्या रबराच्या दोरीने त्याचा पंखा फिरे. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले आणि चाळीस मीटरांच्या आसपास गेले. शेपटीजवळच्या लहान पंखांस किंचित कोन दिल्यामुळे ते आपला तोल आपणच सावरीत असे. विमानाच्या स्थैर्याचे मर्म त्या तरुणास उमगले होते. पुढे मोठे विमान बांधण्यास त्यास कोणी द्रव्य देईना. निराशेने ग्रासलेल्या पेनोने १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, आत्महत्या केली.

परंतु त्याचे खेळणे त्याच्या आधीच समुद्र ओलांडून गेले होते. रबराच्या पिळावर वर चढणारा एक भिंगरीवजा पंखाही पेनोने केला होता. त्याच धर्तीचे एक खेळणे १८७८ साली मिल्टन राइट नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने प्रवासाहून येताना आपल्या मुलांकरिता आणले. थोरला विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा आणि धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. ते मोडल्यावर मुलांनी स्वतः तसलीच आणखी बनविली, आणि उत्साहाच्या भरात अधिकाधिक मोठी बनविली. पण नवल असे, की खेळणे जितके मोठे करावे तितके ते कमी उडे. हे का घडते याचा उलगडा त्यांना पुढे मोठेपणी झाला: लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट होते, आणि उडण्यास लागणारी शक्तीही त्याच मानाने वाढत जाते. आकार आणि प्रमाण यांतला हा कठोर हिशेब त्या दोन भावांनी लहानपणीच, पुस्तकावाचून, हाताने अनुभवला होता.

येथे आपल्या घरच्या एका कथेचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, अशी कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि ती ऐकताना कोणाचा ऊर भरून आला नसेल? तथापि त्या उड्डाणाचा समकालीन विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या संदर्भात आधार सांगितला जातो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली छाननी केली. तो ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा नसावा आणि त्यातील वर्णनाबरहुकूम बांधलेली यंत्रे उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष झाला. मला यात तळपदे यांची अवहेलना करावयाची नाही. परतंत्र देशात आकाशाकडे पाहणारा मनुष्य आदरासच पात्र आहे. पण पेनोच्या खेळण्याचे वजन आपणांस ग्रॅममध्ये सांगता येते आणि त्याचे उड्डाण सेकंदांत मोजता येते; अभिमानाच्या कथेस असे माप नसते. अंगणातला किल्ला आणि टेबलावरचे विमान यांतला भेद तो हाच.

पहिल्या महायुद्धानंतर विमान हा साऱ्या जगातील मुलांच्या ध्यासाचा विषय झाला. उडणारे नमुने एका वाटेने गेले. दक्षिण अमेरिकेतील बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाने त्यांचे रूप पालटले. न उडणाऱ्या, केवळ हुबेहूब दिसणाऱ्या प्रतिकृतींची वाट निराळी. इंग्लंडात १९३० नंतरच्या एकदोन वर्षांत 'स्कायबर्ड्स' या नावाने विमानांचे संच विकावयास निघाले. त्यांची आखणी जेम्स हे स्टीव्हन्स यांची होती. कापून ठेवलेले लाकडाचे धड व पंख, धातूचे बारीकसारीक भाग आणि एक नकाशा, असा तो ऐवज असे. मुलाने लाकूड तासावयाचे, काचकागदाने घासावयाचे, रंध्रे लुकणाने बुजवावयाची आणि मग रंग द्यावयाचा.

या संचांनी एक प्रमाण रूढ केले आणि ते आजतागायत टिकून आहे. ते म्हणजे बहात्तरास एक. हा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. शंभरास एक किंवा पन्नासास एक का नव्हे? पण फूट-इंचांच्या जगात त्याचा अर्थ सरळ आहे. सहा फुटांत बहात्तर इंच असतात. म्हणजे सहा फूट उंचीचा मनुष्य या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. विमानाचे माप शेवटी माणसाच्या मापावरून ठरले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

१९३२ साली इंग्लंडात 'इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट' ही संस्था निघाली. तिच्या उडणाऱ्या विमानांचे नाव 'फ्रॉग', म्हणजे बेडूक. 'जमिनीवरून थेट उडणारे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. १९३६ च्या अखेरीस याच संस्थेने बहात्तरास एक प्रमाणाची, केवळ जुळवून ठेवावयाची विमाने काढली. ही उडत नसल्यामुळे त्यांचे नाव ठेवले 'पेंग्विन'. त्यांचे वैशिष्ट्य हे, की ती लाकडाची नव्हती. सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या कृत्रिम पदार्थाची होती. प्लॅस्टिकच्या विमानसंचांचा इतिहास येथून सुरू होतो. तो पदार्थ मात्र दगलबाज निघाला. काळ जाईल तसा तो आकसतो आणि वाकतो. त्यामुळे त्या वेळची जी विमाने आज संग्राहकांपाशी आहेत, त्यांतील पुष्कळांचे पंख म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसारखे वाकलेले आढळतात.

इतक्यात युद्ध आले, आणि खेळाचे रूप पालटले.

ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले. ६ तारखेच्या सकाळी शत्रूची विमाने येत असल्याची खोटी वर्दी मिळाली, आणि ब्रिटिश लढाऊ विमाने आकाशात चढली. त्या गोंधळात स्पिटफायर विमानांच्या एका तुकडीने समोर दिसलेल्या हरिकेन विमानांवर गोळ्या झाडल्या. ती विमाने त्यांच्याच देशाची होती. दोन हरिकेन पडली. पायलट ऑफिसर माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा त्यात मारला गेला. त्या महायुद्धात प्राणास मुकलेला हा पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि त्यास मारणारी गोळी ब्रिटिश होती. स्पिटफायरने पाडलेले पहिले विमान शत्रूचे नव्हते, स्वकीयांचे होते. पुढे लष्करी न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या वैमानिकांस निर्दोष ठरविले; दोष सर्वांच्याच गोंधळाचा होता.

आपल्याकडे 'दुरून डोंगर साजरे' म्हणतात. आकाशात दुरून सारी विमाने सारखीच. अर्ध्या मैलावरून, प्रकाशाविरुद्ध, दोन सेकंद दिसणारी काळी आकृती आपली की परकी, हे ओळखण्याची विद्या कोठून शिकावयाची? छायाचित्र सपाट असते. ते एकाच बाजूने दिसते. ही विद्या शिकविण्यास प्रतिकृतीच हवी, कारण ती हातात घेऊन हवी तशी फिरविता येते.

म्हणून १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने एक अपूर्व मागणी केली. तिने देशातील शाळांकडे विमानांच्या पाच लक्ष लाकडी प्रतिकृती मागितल्या. प्रमाण तेच, बहात्तरास एक. स्वदेशी, मित्रदेशांच्या आणि शत्रूंच्या विमानांचे नकाशे शाळांतून वाटण्यात आले, आणि सुतारकामाच्या वर्गांत मुले लाकूड तासू लागली. अटी कडक होत्या. नकाशाशी माप जुळले नाही तर नमुना परत येई. जो उतरे त्याच्या कर्त्यास प्रमाणपत्र मिळे. या विमानांस चिन्हे नसत, रंगीबेरंगी पट्टे नसत. ती सर्व एका काळ्या रंगाने रंगविलेली असत, कारण आकाशात दिसते ती केवळ छाया. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. ३५ ला ७२ ने गुणून वाचकांनी हा हिशेब ताडून पाहावा. बंदुकीच्या नेमक्या वर्तुळातून तिच्याकडे पाहत नवशिके गोलंदाज आपले-परके ओळखण्यास शिकले. पुढे हेच नमुने कारखान्यांतून प्लॅस्टिकचेही होऊ लागले.

एवढे करूनही प्रमाद टळले नाहीत, हे इतिहासाने नमूद केले पाहिजे. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिली बेटावर छत्रीधारी सैनिक उतरविण्यासाठी १४४ अमेरिकन वाहतूक विमाने निघाली. किनाऱ्यावरच्या आणि जहाजांवरच्या तोफांनी, त्यांच्याच पक्षाच्या तोफांनी, त्यांवर मारा केला. तेवीस विमाने पडली आणि सदतिसांस मोठी इजा झाली. अंधारात छायादेखील दिसत नाही. म्हणून पुढील वर्षी, १९४४ च्या जूनमध्ये, नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी मित्रराष्ट्रांच्या विमानांचे पंख व धड यांवर तीन पांढरे व दोन काळे असे रुंद पट्टे ओढण्यात आले. पाहणाऱ्यास विचार करावयास वेळ नसला तरी चूक होऊ नये, हा त्यांचा हेतू.

या इतिहासाचा एक धागा आपल्याही आकाशातून जातो. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हाच्या मध्यभागीही तांबडा ठिपका होता. क्षणभर दिसलेल्या तांबड्या ठिपक्याने घात होऊ नये, म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवरील ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हांतून तांबडा रंगच काढून टाकण्यात आला आणि निळ्याच्या दोन छटा राहिल्या. अमेरिकेनेही १९४२ च्या मेमध्ये आपल्या ताऱ्याच्या मधला तांबडा ठिपका पुसला. एका रंगाच्या ठिपक्यावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असावे, हे आज टेबलापाशी बसून कुंचला चालविणाऱ्यास सहज विसरता येते. पण जाणता छांदिष्ट ते विसरत नाही.

युद्ध संपले, आणि युद्धात वाढलेला प्लॅस्टिकचा धंदा शांततेच्या काळातील गिऱ्हाइके शोधू लागला. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरावयाचे आणि थंड झाले की फांदीला लागलेल्या कैऱ्यांसारखे सारे भाग एका चौकटीला चिकटलेले बाहेर काढावयाचे, ही ती पद्धत. साचा फार महाग. पण एकदा झाला की त्यातून निघणारा प्रत्येक संच कवडीमोल. जे काम पूर्वी सुताराच्या हाताचे होते, ते आता शाळकरी मुलाच्या आवाक्यात आले.

इंग्लंडातील 'एअरफिक्स' या प्रसिद्ध संस्थेची कथा या दृष्टीने मनोरंजक आहे. तिचा संस्थापक निकोलस कोव्ह हा हंगेरीहून आलेला निर्वासित. १९३९ साली त्याने हवा भरून फुगवावयाच्या रबरी खेळण्यांचा धंदा काढला. व्यापाऱ्यांच्या यादीत नाव आरंभी यावे म्हणून 'एअर'ने सुरू होणारे नाव घेतले. विमानांशी त्याचा काही संबंध नव्हता. युद्धानंतर त्याने कंगवे काढले. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती काढली, ती फिरत्या विक्रेत्यांच्या हाती देण्याकरिता. १९५२ साली ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचा संच काढला, आणि दोन शिलिंगांत परवडावा म्हणून तो खोक्याऐवजी पिशवीत घातला. नंतर त्याच दशकात स्पिटफायर आले आणि विमानांची रांगच लागली. ज्या पिढीचे बाप ती विमाने उडवून आले होते किंवा त्यांतून परत आले नव्हते, त्या पिढीच्या मुलांनी ती दोन शिलिंगांची विमाने स्वयंपाकघरातल्या मेजावर जुळविली.

पराभूत देशांतही हेच घडले. जपानातील शिझुओका शहरी 'तामिया' ही संस्था १९४६ साली लाकूड कापण्याच्या गिरणीच्या रूपाने सुरू झाली. १९५१ च्या आगीत तिची हानी झाली, आणि पुढे तिने लाकडाचा व्यापार सोडून नमुन्यांचाच धंदा धरला. १९६० साली तिने आपला पहिला प्लॅस्टिकचा संच काढला, तो 'यामातो' या युद्धनौकेचा. त्या वेळी ती नौका हजारो खलाशांसह बुडाल्यास अवघी पंधरा वर्षे झाली होती. जेत्यांच्या आणि जितांच्या मुलांनी एकाच काळात, एकाच प्रकारच्या डिंकाने, एकमेकांची शस्त्रे जुळविली.

राजकारण मात्र या खेळापासून दूर राहिले नाही. व्हर्सायच्या तहाने जर्मनीस लष्करी विमानदळ ठेवण्यास मनाई केली, तेव्हा तेथील तरुण बिनइंजिनाच्या विमानांकडे आणि नमुन्यांकडे वळले. १९३३ नंतर नाझी राजवटीने तोच छंद शाळांत नेऊन मुलांस भावी युद्धाच्या तयारीस लावले. पुढे १९७० नंतरच्या दशकात 'फ्रॉग' संस्था मोडली आणि तिचे साचे सोव्हिएत रशियात गेले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी जर्मन, जपानी व इटालियन विमानांचे साचे घेण्याचे नाकारले. ते दुसऱ्याच कंपनीस विकावे लागले. पोलादाच्या ठोकळ्यांनाही पक्ष असतो, असे म्हणावयाचे! अमेरिकेत १९६१ साली 'रेव्हेल' कंपनीने आण्विक पाणबुडीचा इतका तपशीलवार संच काढला, की ॲडमिरल रिकोव्हर संतापले. तीन डॉलरांना शत्रूस आपले गुपित मिळते आहे, अशी त्यांची तक्रार होती. उलट १९८६ साली 'टेस्टर्स' कंपनीने अमेरिकेच्या गुप्त विमानाची म्हणून एक प्रतिकृती बाजारात आणली. त्यावरूनही वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. १९८८ साली खरे विमान जगास दाखविण्यात आले, तेव्हा दिसले की दोहोंत काही साम्य नाही. गोलसर वळणांच्या त्या खेळण्यापुढे खरे विमान कोनाकोनांचे निघाले. पहिली प्रतिकृती खरी असल्यामुळे भय, दुसरी खोटी असूनही भय. मापाशिवाय केलेल्या नमुन्याची योग्यता यावरून समजावी.

आता थोडे प्रत्यक्ष कारागिरीविषयी. बाराव्या वर्षी मलाही असा एक संच मिळाला होता. डिंक जितका अधिक तितके विमान बळकट, अशा समजुतीने मी सारी नळी रिकामी केली आणि सकाळी पाहतो तो एक पंख विरघळून मेणासारखा ओघळलेला. हा डिंक चिकटवीत नाही. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग वितळवितो आणि दोन भाग एकजीव करतो, हे मला फार पुढे शेजाऱ्यांकडून कळले. कुंचल्याच्या टोकाने सांध्यात थेंबभर सोडावा, तो आपोआप आत ओढला जातो. मग सांधा घासावा, फट राहिली तर लुकण भरावे, पुन्हा घासावे. रंग देण्याआधी सारे साबणाच्या पाण्याने धुवावे, नाहीतर बोटांचे तेल रंग धरू देत नाही. रंग पातळ, एकावर एक असे अनेक हात द्यावेत. चिन्हे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवीत जागी बसवावीत.

पण खरा प्रश्न हातांचा नसून डोळ्यांचा आहे. खरे स्पिटफायर रंगविण्यास जो रंग वापरीत तोच तंतोतंत प्रतिकृतीस दिला, तर ती खोटी दिसते. अधिक काळसर वाटते. कारण खरे विमान आपण दुरून, मधल्या हवेच्या पडद्यातून पाहतो. म्हणून जाणते कारागीर मूळ रंगात किंचित पांढरा मिसळतात. तसेच वजनाचे. भरलेले स्पिटफायर सुमारे २,६०० किलोंचे. बहात्तराचा घन ३,७३,२४८. या हिशेबाने त्याच्या प्रतिकृतीचे वजन सात ग्रॅम यावयास हवे, ते कोणी पाळीत नाही. पत्र्यांच्या सांध्याची रेघ प्रतिकृतीवर इंचाचा शंभरावा भाग एवढीच कोरली, तरी खऱ्या विमानावर ती पाऊण इंच रुंद झाली असती. म्हणजे सर्वच बाबतींत खरे राहणे शक्य नाही. कोणत्या बाबतीत खरे राहावयाचे हे ठरवावे लागते. इतिहास लिहिणाऱ्याची अडचण याहून निराळी ती कोणती?

नॉर्मंडीच्या पट्ट्यांचेच उदाहरण घ्या. नवशिका कारागीर ते पट्टे कागद चिकटवून रेघेसारखे सरळ काढतो आणि त्याचे त्यास समाधान वाटते. पण खरे पट्टे स्वारीच्या आदल्या एकदोन दिवसांत, विमानतळावरच्या लोकांनी, हाती लागेल त्या कुंचल्याने घाईघाईने ओढलेले होते. पुष्कळ ठिकाणी ते वाकडेतिकडे आले होते. तेव्हा वाकडा पट्टा हाच खरा पट्टा. सुबकपणा आणि सत्य यांची जेथे फारकत होते, तेथे सुबकपणा सोडण्याचे धैर्य लागते.

या छंदावर एक गंभीर आक्षेप आहे, तो मी स्वतःशी अनेकदा घेतला. ही संहाराची यंत्रे. त्यांची अशी लाडिक सजावट करणे म्हणजे युद्धास गोंडस रूप देणे नव्हे काय? खोक्यावरच्या चित्रांत ज्वाळा असतात, पण जळणारी माणसे नसतात, हे खरेच आहे. नाझी राजवटीने या खेळाचा काय उपयोग केला तेही वर आलेच. या आक्षेपास पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच म्हणेन, की अज्ञानाने केलेल्या पूजेपेक्षा मापून घेतलेली ओळख बरी. माणसे मारली गेली ती विमाने फार ओळखल्यामुळे नव्हे. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी ती मारली गेली न ओळखल्यामुळे.

शेजाऱ्यांचे हरिकेन अखेर दसऱ्याच्या सुमारास पुरे झाले. त्यांनी ते मला दाखविले, तेव्हा शेजारी एक पिवळट छायाचित्र ठेवलेले होते. त्यात एका हरिकेनच्या पंखावर हात ठेवून एक सडसडीत तरुण उभा होता. ते त्यांचे वडील. भारतीय विमानदळाच्या दुरुस्तीपथकात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. परत आल्यावर त्याविषयी घरात कधी बोलले नाहीत. हे विमान ते तेच. चिन्हातला तांबडा ठिपका नव्हता, निळ्याच्या दोन छटा होत्या. पोटाखाली तेलाचे डाग होते, आणि पंखावर, माणूस जेथे पाय देऊन चढे तेथे, रंग झिजलेला होता.

धडावर एका बाजूस मात्र मोकळी जागा दिसली. तेथे विमानाचे ओळखअक्षर असावयास हवे होते. मी कारण विचारले. ते म्हणाले, "छायाचित्रात बाबा त्या अक्षराच्या आड उभे आहेत. दिसत नाही ते मी कसे रंगवू?"

मी म्हटले, "एखादे अक्षर घातलेत तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," असे म्हणून त्यांनी प्रतिकृती कपाटात ठेवली आणि काच लावून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात खाली अंगणात मुलांचा किल्ला उभा राहिला. नेहमीप्रमाणे महाराज तटाहून उंच होते. शेजारी मुलांना हळीव पेरण्यास मदत करीत होते, आणि मावळ्यांच्या उंचीबद्दल त्यांनी एक अक्षरही काढले नाही.